रँकच्या शिडीवरचे बॉट : ऑनलाइन पत्त्यांच्या खेळांतील एका वादाचा आढावा

पत्त्यांच्या खेळात समोरचा माणूस हा खेळाचाच भाग असतो. मेंढीकोट असो, बदाम सात असो की रमी, आपण हातातल्या पानांइतकाच समोरच्याच्या चेहऱ्याचा, थबकण्याचा आणि टाकलेल्या पानाचा हिशेब करत असतो. पत्ते ऑनलाइन गेले तेव्हा चेहरा गेला. राहिले ते टोपणनाव आणि त्यापुढे लागलेली रँक. त्या टोपणनावामागे माणूस नसून स्वतःहून पाने टाकणारा प्रोग्रॅम असेल, तर हरलेल्याने नेमके कोणाकडून हरलो म्हणायचे आणि त्या रँकवर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा, हा प्रश्न गेली दहा-बारा वर्षे वादात आहे.

या लेखात त्या वादाचा आढावा घेतला आहे. मुख्य उदाहरण ब्लिझर्ड कंपनीच्या ‘हार्थस्टोन’ या खेळाचे आहे, कारण बॉट, रँक, बंदी आणि संशोधन हे चारही धागे तिथे एकत्र येतात. पोकर, ब्रिज आणि भारतातली ऑनलाइन रमी यांचे संदर्भ गरजेपुरते येतील.

पार्श्वभूमी

‘हार्थस्टोन’ मार्च २०१४ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तीस पानांचा डेक, आळीपाळीने खेळ आणि दर महिन्याला नव्याने सुरू होणारी रँकची शिडी अशी त्याची रचना होती. खेळाडू पंचविसाव्या रँकपासून पहिल्या रँककडे चढायचा आणि तिच्याही वर ‘लीजंड’ हा मानाचा टप्पा होता.

ही रचना बॉटसाठी अनुकूल ठरली. प्रतिस्पर्ध्याच्या पाळीत आपल्याला काही करायचे नसते. आपल्या पाळीत मोजक्याच हालचाली शक्य असतात. चाली खेळाच्या नोंद-फाइलमध्ये लिहिल्या जातात, त्यामुळे पटावर काय चालले आहे हे दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता येते. त्यात भर म्हणजे अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी गप्पा मारण्याची सोयच नाही. सुरुवातीला मोजून सहा ठरावीक उद्गार होते. शिवीगाळ टाळण्यासाठी घेतलेला हा निर्णय चांगलाच होता, पण समोर माणूस आहे का हे विचारून पाहण्याचा सर्वांत सोपा मार्ग त्याने बंद केला.

खेळ बाजारात येऊन वर्ष व्हायच्या आत बॉट इतके बोकाळले की ऑक्टोबर २०१४ मध्ये ब्लिझर्डने काही हजार अकाउंट २०१५ उजाडेपर्यंत बंद ठेवली आणि पुन्हा सापडल्यास कायमची बंदी येईल असे जाहीर केले. त्याच सुमारास ‘हार्थक्रॉलर’ हा प्रसिद्ध बॉट थांबला. ‘हार्थबडी’ मात्र चालू राहिला. तो जर्मनीतल्या झ्विकाऊ शहरातील बोसलँड या कंपनीचा होता आणि ही कंपनी ब्लिझर्डच्या इतर खेळांसाठीही बॉट विकत असे.

पोकरचा इतिहास याहून जुना आणि अधिक गंभीर, कारण तिथे पैसा लागलेला असतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या ‘सेफियस’ने २०१५ मध्ये दोन खेळाडूंचा मर्यादित बोलीचा पोकर जवळजवळ पूर्ण सोडवला. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रॅटस’ने पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध १,२०,००० डाव खेळून निर्णायक विजय मिळवला. २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ने सहा जणांच्या टेबलावरही तेच करून दाखवले. यंत्र माणसापेक्षा सरस खेळू शकते का, हा पोकरमधला प्रश्न तिथे संपला. उरला तो एवढाच, की ते यंत्र गुपचूप टेबलावर बसले तर काय करायचे.

शिडीचे गणित

बॉट म्हटले की फार हुशार प्रोग्रॅम डोळ्यांसमोर येतो. रँकच्या शिडीवरचे बहुतेक बॉट तसे नसतात. ते आक्रमक, सरळसोट डेक घेतात, ठरावीक नियमांनी खेळतात आणि अनेकदा ढोबळ चुका करतात. तरीही ते वर चढतात. असे का होते, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होते.

२०१७ पासून एप्रिल २०२० पर्यंतची ‘हार्थस्टोन’ची रचना घेऊ. एक सामना जिंकला की एक तारा मिळे, हरला की एक जाई. सलग विजयांचा जादा तारा पाचव्या रँकपर्यंतच मिळत असे. पाचव्या रँकला पोचल्यावर त्याखाली घसरण्याची भीती नव्हती, आणि तिथून लीजंड सुमारे पंचवीस ताऱ्यांवर होते. समजा, एखादा बॉट इथे निम्मेच सामने जिंकतो. तळाला टेकू असलेल्या शिडीवर वर-खाली होत पंचवीस पायऱ्या चढायला त्याला सरासरी ६५० सामने लागतात. सामना आठ मिनिटांचा धरला तर हे काम चार दिवसांच्या आत होते, कारण बॉटला झोप लागत नाही. तो १०० पैकी ४८ सामनेच जिंकत असेल, म्हणजे जिंकण्यापेक्षा हरत अधिक असेल, तरी सुमारे १,४५० सामन्यांत, आठ-नऊ दिवसांत वर पोचतो. याउलट १०० पैकी ५३ सामने जिंकणाऱ्या खऱ्या खेळाडूला सुमारे २९० सामने पुरतात, पण त्यासाठी त्याला महिनाभर रोज सव्वा तासाहून अधिक वेळ काढावा लागतो. नोकरी किंवा अभ्यास सांभाळून खेळणारा चांगला खेळाडू खालीच राहतो आणि सरासरीपेक्षा कमकुवत बॉट वर जातो.

या वादाची गुरुकिल्ली इथे आहे. तळाला आधार असलेली शिडी कौशल्याबरोबर वेळही मोजते, आणि बॉट ज्याचा पुरवठा करतो ती वस्तू म्हणजे वेळ. पुढच्या बहुतेक भूमिका याच एका गोष्टीकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात.

पहिली भूमिका : ही फसवणूक आहे

खेळ चालवणाऱ्या कंपन्यांची अधिकृत भूमिका आणि बहुसंख्य खेळाडूंची भावना इथे जुळते. त्यांचा युक्तिवाद तीन पायांवर उभा आहे. पहिला पाय संमतीचा आहे. खेळायला बसताना समोर माणूस आहे असे मी गृहीत धरतो, आणि बॉट ते गृहीतक मला न सांगता मोडतो. दुसरा, नुकसान इतरांनाही पोचते. रँक ही प्रतिस्पर्ध्यांवरच्या विजयांतून तयार होते, त्यामुळे खोटे प्रतिस्पर्धी आले की प्रामाणिक खेळाडूच्या रँकचा अर्थही बिघडतो. तिसरा, सगळे बॉट ठरावीक दोन-तीन डेक वापरतात. मग माणसेही त्या डेकना हरवणारी पाने घेऊ लागतात आणि खेळातले वैविध्य आटते.

पैशाच्या खेळात याला चौथा पाय जोडला जातो. पोकरमध्ये बॉटने जिंकलेली रक्कम कोणाच्या तरी खिशातून गेलेली असते. म्हणून पोकरच्या काही संकेतस्थळांनी बॉटच्या खात्यांतली रक्कम जप्त करून ती हरलेल्या खेळाडूंना वाटण्याचा मार्ग धरला.

दुसरी भूमिका : खेळच कष्टाची मजुरी झाला आहे

बॉट वापरणाऱ्यांचे म्हणणे क्वचितच नीट ऐकले जाते, पण आढाव्यात ते आले पाहिजे. त्यांचा मुद्दा असा, की खेळ फुकट असला तरी पाने फुकट नसतात. नवी पाने मिळवायची तर पैसे मोजावे लागतात किंवा तासन्‌तास खेळावे लागते. ‘हार्थस्टोन’मध्ये पूर्वी तीन विजयांमागे दहा नाणी मिळत आणि दिवसाला शंभरची मर्यादा होती. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या नव्या बक्षीस-पद्धतीत खेळण्यात घालवलेल्या वेळेलाही गुण मिळू लागले. कंपनीच वेळेला मोल देत असेल तर तो वेळ यंत्राकरवी भरण्यात गैर काय, असा हा प्रश्न आहे.

या भूमिकेचा एक भाग पटण्यासारखा आहे. ज्या कामात माणसाला रस नाही, ते काम बक्षिसासाठी करायला लावणारी रचना बॉटना आमंत्रण देतेच. पण बॉटने भरलेला तो वेळ रिकाम्या खोलीत जात नाही. त्या प्रत्येक सामन्यात समोर कोणीतरी बसलेले असते. शिवाय अशी अकाउंट पुढे विकली जातात, तेव्हा वेळ वाचवण्याचा युक्तिवाद मागे पडतो आणि धंदा उरतो.

तिसरी भूमिका : संशोधकांची

झाकलेली पाने, नशीब आणि दूरचा विचार या तिन्हींमुळे पत्त्यांचे खेळ कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी बुद्धिबळापेक्षा वेगळे आव्हान ठरतात. एली बर्स्टाइन या संशोधकाने ऑगस्ट २०१४ मध्ये लास वेगासच्या डेफकॉन परिषदेत हजारो सामन्यांच्या नोंदींवरून प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या पानाचा अंदाज बांधणारे साधन दाखवले. त्या साधनाने खेळाचा तोल बिघडेल अशी चिंता ब्लिझर्डने व्यक्त केल्यावर बर्स्टाइन यांनी ते प्रसिद्ध केले नाही. संशोधन आणि खेळाची इभ्रत यांच्यात तडजोड होऊ शकते, याचे हे लवकरचे उदाहरण.

पुढे संशोधकांनी वेगळे मैदानच आखून घेतले. खेळाची नक्कल करणारे ‘सेबरस्टोन’सारखे मुक्त प्रोग्रॅम तयार झाले आणि २०१८ ते २०२० या काळात जर्मनीतल्या माग्डेबुर्ग विद्यापीठातील संशोधकांनी बॉट विरुद्ध बॉट अशा स्पर्धा भरवल्या. तिथे कोणी कोणाला फसवत नाही. प्रश्न उरतो तो मुक्तपणे प्रसिद्ध झालेल्या त्याच प्रोग्रॅमचा कोणी खऱ्या शिडीवर वापर केला तर जबाबदारी कोणाची, हा.

ब्रिजचे उदाहरण इथे बोलके आहे. ‘ब्रिज बेस ऑनलाइन’ या संकेतस्थळावर रोबो जोडीदार आणि प्रतिस्पर्धी म्हणून राजरोस बसतात, त्यांच्यासोबतच्या खास स्पर्धा होतात आणि त्यांवर नाव स्पष्ट लिहिलेले असते. मार्च २०२२ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच कंपनी नुक्काईच्या ‘नूक’ने आठ विश्वविजेत्या खेळाडूंपेक्षा सरस खेळ केला. त्या सामन्यातून बोली वगळलेली होती आणि ते सर्वांना ठाऊक होते. ब्रिजच्या जगाचा राग असतो तो छुप्या खुणांवर आणि चोरून पाने पाहण्यावर. रोबोचे तिथे स्वागत होते, कारण तो लपत नाही.

चौथी बाजू : कंपनीचे स्वतःचे बॉट

वाद इथे अधिक गुंतागुंतीचा होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ‘मार्व्हल स्नॅप’ या खेळात बॉट कंपनीनेच ठेवले आहेत. ते माणसासारखी नावे घेऊन रँकच्या सामन्यांत येतात. खेळाडूंनी नावांवरून आणि खेळण्याच्या ढबीवरून ते ओळखायला सुरुवात केली आणि ओळखू आलेल्या बॉटविरुद्ध पैज वाढवून अधिक गुण कमावण्याची युक्तीही काढली.

कंपन्यांच्या बाजूने दोन कारणे दिली जातात. नवख्या खेळाडूला पहिल्याच दिवशी सलग हार पदरी आली तर तो खेळ सोडतो. आणि रात्री-अपरात्री योग्य तोडीचा माणूस मिळेपर्यंत ताटकळत ठेवण्यापेक्षा बॉट बरा. टीकाकारांचा सवाल साधा आहे : खेळाडूने न सांगता बॉट बसवला तर ती फसवणूक, मग मालकाने न सांगता बसवला तर ती सोय कशी? पोकरमध्येही ही रेषा पुसट होत आहे. सैबेरियातल्या ओम्स्क शहरातून वाढलेल्या पोकर-बॉटच्या धंद्यावर ‘ब्लूमबर्ग बिझनेसवीक’ने २०२४ मध्ये सविस्तर वृत्तांत दिला. टेबले रिकामी दिसू नयेत म्हणून खेळ चालवणाऱ्यांनाच बॉट पुरवले जाण्याचा मुद्दा त्यात पुढे आला.

पकड, बंदी आणि तिच्या मर्यादा

बॉट पकडण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक, खेळाच्या संगणकीय स्मृतीत लुडबुड करणारा प्रोग्रॅम शोधणे. दोन, वागणूक तपासणे : चालींमधले अंतर, माउसचा मार्ग, चोवीस तास न थांबता खेळणे, शेकडो अकाउंटवर एकच डेक. पहिला मार्ग पडद्यावरचे चित्र बाहेरून वाचणाऱ्या बॉटपुढे लंगडा पडतो. दुसरा मार्ग टिकाऊ आहे, पण बॉटही मुद्दाम थांबायला, चुकायला आणि विश्रांती घ्यायला शिकतात.

कंपन्या सहसा सापडलेल्या अकाउंटवर लगेच कारवाई करत नाहीत. पुरेशी यादी जमली की एकदम बंदी घालतात, म्हणजे बॉट बनवणाऱ्याला आपण नेमके कशामुळे पकडले गेलो हे कळत नाही. याची किंमत प्रामाणिक खेळाडू मोजतात, कारण तोवर ते ओळखू येणाऱ्या बॉटशीच खेळत राहतात. शिवाय फुकट खेळात नवे अकाउंट काढायला खर्च नसल्याने बंदीची धार बोथट होते.

म्हणून काही जण रचनेकडे वळतात. एप्रिल २०२० मध्ये ‘हार्थस्टोन’ने शिडी बदलली. ब्राँझपासून डायमंडपर्यंत पाच गट आले आणि जोड्या लावण्यात खेळाडूच्या कौशल्याच्या छुप्या गुणांकनाला मोठे स्थान मिळाले. डायमंडच्या पाचव्या पायरीपासून लीजंड पंधरा ताऱ्यांवर आले. वरचाच हिशेब लावला तर निम्मे सामने जिंकणाऱ्याला तिथून सरासरी २४० सामने पुरतात. माणसाची दमछाक कमी झाली, पण बॉटची वाटही सोपी झाली. लीजंडच्या आतला क्रमांक मात्र गुणांकनावर ठरतो आणि तो केवळ वेळ घालवून वर नेता येत नाही. शिडी आणि गुणांकन यांतला हा फरक रचनाकारांच्या हातातले सर्वांत प्रभावी साधन आहे. अडचण एवढीच, की निव्वळ गुणांकन रोज चढल्याचा आनंद देत नाही आणि कंपन्यांना खेळाडू रोज परत यायला हवे असतात.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेत नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये ब्लिझर्डच्याच दुसऱ्या एका खेळाच्या बॉटबाबत निकाल दिला. बॉटबंदीची अट मोडणे म्हणजे आपोआप कॉपीराइटचा भंग नव्हे, पण संरक्षक यंत्रणा चुकवणारे साधन विकणे बेकायदा आहे, असे त्याचे सार. याच धाग्यावर एप्रिल २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने बोसलँडविरुद्ध सुमारे ८५.६ लाख डॉलरचा आदेश दिला. बोसलँडने बचाव मांडला नव्हता, त्यामुळे तो एकतर्फी ठरला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बॉटविक्रीकडे अनुचित स्पर्धेच्या अंगाने पाहिले. दक्षिण कोरियाने २०१६ मध्ये कायदा बदलून असे प्रोग्रॅम बनवणे आणि वाटणे हा तुरुंगवासाचा गुन्हा केला.

या सगळ्यांत समान धागा असा, की कारवाईचा रोख बॉट विकणाऱ्यावर आहे. स्वतःपुरता बॉट चालवणाऱ्याला अकाउंट गमावण्यापलीकडे सहसा काही भोगावे लागत नाही. आणि कंपनीने स्वतः न सांगता ठेवलेला बॉट या निकालांच्या कक्षेतच येत नाही.

भारतातली रमी

भारतात हा प्रश्न रँकपेक्षा पैशाच्या अंगाने आला. महाराष्ट्राला लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आंध्र प्रदेशातल्या खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि काय धरायचे, काय टाकायचे याचा विचार करावा लागतो, हे त्याचे कारण. याच निकालाच्या आधाराने ऑनलाइन रमीचा व्यवसाय वाढला.

पण समोर माणूस नसून कंपनीचा प्रोग्रॅम असेल, आणि त्याला सगळी पाने दिसत असतील, तर हे कौशल्य कशाविरुद्ध वापरायचे? तामिळनाडूच्या ऑनलाइन खेळांबाबतच्या कायद्यावरील सुनावणीत राज्याने बॉटची भीती व्यक्त केली होती. मद्रास उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तिला पुरेसा आधार दिलेला नाही असे म्हटले. कंपन्या आपल्या मंचावर बॉट नसल्याची खासगी प्रयोगशाळांची प्रमाणपत्रे दाखवत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैसे लावून खेळण्यावर सरसकट बंदी आणली. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या कायद्याला दिलेली आव्हाने सर्वोच्च न्यायालयात पोचली. या कायद्यात ई-स्पोर्ट्‌सना मात्र मान्यता आणि प्रोत्साहन आहे. म्हणजे पैसा बाजूला झाला तरी रँक राहणारच, आणि रँकबरोबर बॉटचा प्रश्नही.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न मोजमापाचा आहे. कंपन्या सांगतात ते बंद केलेल्या अकाउंटचे आकडे. एखाद्या रँकवर दर शंभर सामन्यांत किती बॉट भेटतात, हा खेळाडूच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा आहे आणि तो स्वतंत्रपणे तपासता येत नाही.

दुसरा प्रश्न मदतीच्या सीमारेषेचा. गेलेली पाने मोजून दाखवणारे साधन ‘हार्थस्टोन’मध्ये चालते, कारण तेच काम कागद-पेन्सिलने होते. चाल सुचवणारे साधन चालते का? सुचवलेली चाल माणसाने स्वतःच्या हाताने खेळली तर तो बॉट की खेळाडू? पोकरमध्ये खेळता खेळता घेतलेल्या अशा सल्ल्यावर बंदी आहे, पण दुसऱ्या पडद्यावरचा सल्ला पकडणे अवघड आहे.

तिसरा, हातांच्या हालचाली मर्यादित असलेल्या खेळाडूंचा. आवाजाने किंवा एका कळीने खेळू देणारी सहायक साधने वागणूक तपासणाऱ्या यंत्रणेला बॉटसारखी दिसू शकतात. चुकून बंदी आली तर दाद कोणाकडे मागायची, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘कंपनीकडेच’ असे आहे.

चौथा, आणि माझ्या मते सर्वांत मूलभूत, प्रश्न उघडपणाचा आहे. वरच्या भूमिका एकमेकींपासून दूर असल्या तरी एका जागी भेटतात. ब्रिजमधला नाव लावलेला रोबो कोणाला खुपत नाही, संशोधकांचे वेगळे मैदान कोणाला खुपत नाही. खुपतो तो न सांगता बसलेला, मग त्याला खेळाडूने बसवलेले असो वा मालकाने. म्हणून कोणत्याही रँकच्या शिडीकडून तीन गोष्टी मागणे रास्त आहे : समोर बॉट असेल तर सामन्याआधी किंवा निदान सामन्यानंतर तसे सांगणे, प्रत्येक टप्प्यावरच्या बॉटचे प्रमाण बाहेरच्या तज्ज्ञांना तपासू देणे, आणि बंदीविरुद्ध कारणासह उत्तर मिळण्याची सोय. बॉट यामुळे नाहीसे होणार नाहीत. पण रात्री कामावरून आल्यावर दोन डाव खेळणाऱ्याला आपण कोणाला हरवले आणि कोणाकडून हरलो हे कळेल, आणि रँकला अर्थ आहे असे म्हणायला तेवढे लागतेच.